नाव न घेतलेलं गिऱ्हाईक

सरोवराकाठच्या आमच्या कराकोल गावात गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक नऊ ठिकाणी जात होतं, आणि नवांपैकी एकाही ठिकाणच्या माणसाने त्याला पाहिलं नव्हतं. ते मालात खोट काढत नव्हतं, घासाघीस करत नव्हतं, उशीर झाला म्हणून डोळे वटारत नव्हतं. इतकं गुणी गिऱ्हाईक जिवंत असणं शक्य नाही, हे खरं तर पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. आलं होतं. सगळ्यांच्याच आलं होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

पण आधी कालिपाबद्दल सांगायला हवं, कारण हे गिऱ्हाईक तिच्या मालाबरोबर गेलं होतं.

कालिपा माझी जेंगे. जेंगे म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ सख्खा नव्हे. तिचा नवरा आणि मी एका गल्लीत वाढलो. तो चार वर्षांनी मोठा. पोहायला शिकवतो म्हणून त्याने मला सरोवरात ढकललं आणि मी बुडायला लागल्यावर स्वतःच उडी मारून बाहेर काढलं, तेव्हापासून तो माझा भाऊ. पुढे आम्ही तिघंही बसस्टँडवर नोकरीला लागलो. तो बस चालवायचा, मी तिकिटाच्या खिडकीत, आणि ती माझ्या शेजारच्या खोलीत माइकसमोर. सव्वीस वर्षं कराकोलहून सुटणारी प्रत्येक बस कालिपाच्या आवाजावर सुटली. "लक्ष द्या, लक्ष द्या. बिश्केकला जाणारी गाडी क्रमांक अमुक, चालक तमुक, फलाट तीनवरून सुटत आहे." असं तीनदा. तो आवाज ऐकला की माणसं तोंडातला घास तसाच ठेवून पिशव्या उचलायची. एकदा सरोवराकाठी सहलीला गेलो असताना ती जरा मोठ्याने "लक्ष द्या" म्हणाली, तर पलीकडच्या चटईवरचं अनोळखी कुटुंब उठून उभं राहिलं.

तिच्या खोलीला फलाटाकडे खिडकी नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती गाड्या सोडायची. सव्वीस वर्षांत तिने एकही बस सुटताना पाहिली नाही.

आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी चाल आहे. आता शहरातल्या मुली नवऱ्याला नावाने हाका मारतात, वर चहा करायला सांगतात. पण कालिपा वर डोंगरातल्या गावची, आजीच्या हाताखाली वाढलेली. तिने ही चाल ओठ घट्ट मिटून पाळली. धाकट्या दिरांचंही नाव घ्यायचं नसतं, त्यांना टोपणनावं द्यायची असतात. मला तिने नाव दिलं सुट्टेभावजी, कारण माझा जन्म खिडकीतून "सुट्टे द्या" म्हणण्यात गेला. आज माझी नातवंडंसुद्धा मला सुट्टेआजोबा म्हणतात आणि खरं नाव विचारलं तर आईकडे बघतात.

माइकवर चालकाचं नाव सांगायचं, हा स्टँडचा नियम. बाकी चौदा चालकांची नावं ती आडनावासकट खणखणीत घ्यायची. स्वतःच्या नवऱ्याच्या गाडीची वेळ झाली की मात्र "गाडी क्रमांक चारशे अठरा" असं म्हणून अर्धा श्वास थांबायची, आणि एकदम "फलाट तीन." त्या अर्ध्या श्वासात अख्खं स्टँड गालातल्या गालात हसायचं. स्टँडमास्तरने दोनदा लेखी समज दिली. तिने लेखी उत्तर दिलं, "प्रवाशांना कळतं." आणि खरंच कळायचं. गावात त्याचं नावच चारशे अठरा पडलं. मीही इथे आपण होऊन त्याचं नाव लिहीत नाही, कारण हे ती वाचणार आहे.

चारशे अठराबद्दल एकच गोष्ट सांगितली तरी पुरे. त्याच्या बसमध्ये जागा नाही, असं कधी झालं नाही. बेचाळीस सीटांच्या गाडीत साठ माणसं, दोन मेंढ्या, आणि एकदा एक शिवणयंत्र व त्यावर शिवायला बसावं तशी बसलेली म्हातारी. रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पोलिसांनी दंड केला की म्हणायचा, "साहेब, हात वर होता ना. मग काय करायचं?"

सहा वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका शनिवारी त्याची नऊ चाळीसची गाडी होती. कालिपाने तीनदा सांगितलं. गाडी निघाल्याचा आवाज आला नाही. नियमात बसत नव्हतं, तरी तिने चौथ्यांदा माइक उघडला आणि म्हणाली, "चारशे अठरा, झोपलात का?" लोक हसले. मीही हसलो. मग पहिल्या सीटवरची बाई उठून पुढे बघायला गेली. तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. किल्ली अजून फिरवलीसुद्धा नव्हती.

नोंद करायला ऑफिसात मीच तिच्याबरोबर गेलो. खिडकीतल्या माणसाने मृताचं नाव विचारलं. तिने काचेखालून लायसन्स सरकवलं. तो म्हणाला, मोठ्याने सांगा, तसा नियम आहे. तिने लायसन्स आणखी आत सरकवलं. मागे रांग. शेवटी मीच सांगितलं. त्याने लिहिलं आणि शिक्का मारला. परत येताना बर्फातून चालता चालता ती म्हणाली, "तुम्ही नाव घेतलंत आणि त्याने शिक्का मारला." रागाने नव्हे, वेळापत्रक सांगावं तशी म्हणाली.

पुढे स्टँडवर राजधानीतल्या कुणा मुलीचा ध्वनिमुद्रित आवाज आला आणि कालिपाला भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन घरी पाठवलं. तिची मुलगी जान्यल परदेशात, सोलला, एका कारखान्यात आहे. आई दिवसभर घड्याळाकडे बघत बसते हे कळल्यावर तिने एक टॅब्लेट पाठवला. त्यात एक एआय होतं. काय हवं ते बोलून सांगायचं, ते बसल्या जागी ॲप लिहून देतं. जान्यल फोनवर म्हणाली, आई, टाइप करायचं नाही, प्रोग्रॅम शिकायचा नाही, फक्त नीट बोलायचं. नीट बोलणं हा तर कालिपाचा जन्माचा धंदा.

पहिलं ॲप तिने ओक्तामसाठी केलं. ओक्ताम हा उझबेक, बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची तंदूर आहे, आणि सकाळी नान घ्यायला इतकी गर्दी होते की कुणाची मागणी किती हे त्याला भिंतीवर कोळशाने लिहावं लागायचं. ते ॲप होताना मी तिथेच होतो, जर्दाळूचा मुरंबा खात. ती टॅब्लेटसमोर ताठ बसली, घसा साफ केला आणि म्हणाली, "लक्ष द्या, लक्ष द्या." यंत्र म्हणालं, मी ऐकतोय. मला वाटतं, यंत्राच्या जातीत इतका मान कुणाला मिळाला नसेल.

तासाभराने यंत्र म्हणालं, चाचणीसाठी एक गिऱ्हाईक हवं, नाव सांगा. कालिपा थोडा वेळ बसून राहिली. मग उठून फडताळातून लायसन्स आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"तूच वाच, बाळा. पण घ्यायचं नाही. कुणाला दाखवायचंही नाही."

यंत्राने विचारलं, ह्यांची मागणी काय? तो गुरुवार होता आणि तिच्या हाताला पीठ होतं. आमच्याकडे गुरुवारी घरोघर कढईत तेल तापतं. गेलेल्यांना जेवण पोचत नाही, पण तेलाचा वास पोचतो. म्हणून सात पोळ्या तळायच्या आणि शेजारीपाजारी वाटायच्या. तर ती सवयीने म्हणाली, "दर गुरुवारी सात." शनिवारी कुठे जायचं असेल तर त्यांची वेळ नऊ चाळीस, केस कापायचे तर तीन वाजता, असंही तिने बोलण्याच्या भरात सांगून टाकलं. यंत्राने शेवटचं विचारलं, माल कमी पडला तर ह्यांना नकार द्यायचा का?

"त्यांना कधी नाही म्हणायचं नाही," कालिपा म्हणाली.

यंत्र म्हणालं, समजलं. मीही ऐकलं. मला त्यात चूक दिसली नाही, गहिवरून आलं, आणि तोंडात मुरंबा होता.

विकण्याची तिची तऱ्हा निराळी. टॅब्लेट लोकरीच्या पिशवीत घालून दुकानात जायची, बसायची, चहाचा तिसरा पियाला होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. मग म्हणायची, "ह्याला पगार नको, हा पीत नाही, आणि ह्याच्या सासुरवाडीत लग्नं निघत नाहीत." न्हावी म्हणाला, वीज गेली तर? ती म्हणाली, "तर तू काय अंधारात केस कापणार आहेस?" ॲपमध्ये सूचना द्यायला तिचाच आवाज होता. "लक्ष द्या, आपले नान तयार आहेत," असं फोनमधून आलं की माणसं पूर्वीसारखीच धावत सुटायची. ॲप कुणालाच कळत नव्हतं. तिच्यावर विश्वास सगळ्यांचा होता. वर्षभरात नऊ ॲपं गेली. ओक्ताम, न्हावी, हमामखाना, मोठ्या समारंभांना कढया भाड्याने देणारा, जुन्या स्टँडमागचा शेअर टॅक्सीचा तळ, आणि असेच चौघे.

प्रत्येक वेळी ती नव्याने सुरुवात करायची नाही. जुन्या पिठातला गोळा राखून नवं पीठ आंबवावं तसं यंत्राला सांगायची, "मागच्यासारखंच घे, आणि त्यात फरक कर." यंत्र मागच्यासारखंच घ्यायचं. त्यात ते गिऱ्हाईकही यायचं.

आता दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर दुकानदाराने फोन करून शिव्या दिल्या असत्या, की तुझ्या ॲपमध्ये बिननावाचा माणूस निघतो. आमच्याकडे काय झालं? ओक्तामने पहिल्या गुरुवारी मागणी पाहिली. नाव नाही, नान सात. त्याने ओले हात पुसले, दुवा मागितली आणि सात नान लावले. कुणाचे, असं विचारणं वाईट दिसलं असतं. संध्याकाळपर्यंत कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा त्याने ते रस्त्यावरून जाणाऱ्या सात जणांना वाटले. पुढच्या गुरुवारी पुन्हा. ही गोष्ट बाजारात झाली. त्यामुळे पुढच्या दुकानदारांना ॲपमध्ये बिननावाचं गिऱ्हाईक दिसलं तेव्हा सगळ्यांना ते कोणत्या प्रकारचं आहे हे ठाऊकच होतं. कढयावाल्याने एक कढई धुऊन वेगळी ठेवली. हमामखान्याची बाई एक कोपरा मोकळा ठेवून त्यात कोरडा टॉवेल घडी करून ठेवायची. आणि टॅक्सीच्या तळावर, जिथे मागच्या सीटवर पाच माणसं बसवून सहाव्याला "जरा तिरके बसा" म्हणतात, तिथे शनिवारी नऊ चाळीसच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी जाऊ लागली.

मला हे कळलं न्हाव्याकडे. शनिवारी तीनला गेलो, खुर्ची रिकामी, तरी तो मला बसू देईना.

"साडेतीनपर्यंत थांबा, बाइके," तो म्हणाला. बाइके म्हणजे दादा.

"कुणी येणार आहे का?"

"येतात," तो म्हणाला, आणि कापड झटकून रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर नीट पसरलं. अर्धा तास आम्ही दोघं त्या खुर्चीकडे बघत बसलो. आरशात खुर्ची होती, तिच्यामागे मी. साडेतीनला त्याने फरशी झाडली. फरशीवर काही नव्हतं, तरी झाडली.

त्या दिवसापासून गावात चालताना मला चमत्कारिक वाटू लागलं. एक माणूस जिवंतपणी जितका फिरला नसेल तितका आता फिरत होता. टॅक्सीवाला नुर्दिन मला शपथेवर सांगत होता, की सरोवराकाठच्या कबरस्तानापाशी त्याची गाडी टुणटुण वाजायला लागते. शेजारी बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजते, तशी. सीटवर कुणी नाही आणि गाडी वाजते. शेवटी तो निघायच्या आधीच रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन लावायला लागला. मी म्हटलं, अरे, जुनी गाडी, वायर सैल असेल. तो म्हणाला, "असेल. पण दर वेळी तिथेच कशी सैल होते?"

मी कालिपाकडे गेलो आणि सांगितलं. तिने माझ्यासमोर चहा ठेवला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "ओक्तामकडे दुसऱ्याच महिन्यात दिसलं. काढून टाकणार होते."

"मग?"

"मग गुरुवार आला."

एवढंच. मी चहा प्यायलो. भिंतीवर स्टँडचं घड्याळ होतं, आणि नऊ चाळीसच्या जरा आधी ते नेहमी कुरकुर करायचं. मला वाटलं, राहू दे. कुणाचं काय बिघडतंय? सात माणसांना फुकट नान मिळतात, एका खुर्चीला अर्धा तास विश्रांती. गेलेल्या माणसासाठी ह्याहून जास्त तर आपण सख्ख्यांसाठीही करत नाही.

जानेवारीत मीर्गुल आली. वीसबावीस वर्षांची पोर, अक-सूकडच्या गावातली, गालांवर थंडीने उमटलेले लाल डाग. मी कालिपाच्या घरी ओव्हन दुरुस्त करत होतो, म्हणजे त्याच्यासमोर बसलो होतो. पोरीच्या हातात फडक्यात बांधलेल्या सात पोळ्या होत्या. टॅक्सीतळावर तिला सांगितलं होतं, की ॲप विकणाऱ्या बाईलाच कळेल ती जागा कुणाची. ती आत आली, बसली आणि पियाला हातात धरून म्हणाली, "एजे, मी माफी मागायला आले." एजे म्हणजे ताई.

कालिपाने विचारलं, कशाची?

हळूहळू सगळं निघालं. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या बाळाचा ताप उतरत नव्हता. इथल्या डॉक्टरने राजधानीला, बिश्केकला न्या म्हणून सांगितलं. नवरा रशियात. ती शनिवारी सकाळी तळावर आली. नऊ चाळीसची गाडी भरलेली, पुढची सीट रिकामी. ती म्हणाली, मी इथे बसते. ड्रायव्हर म्हणाला, तिथे माणूस आहे.

"मी हात लावून बघितलं, एजे. पट्टा लावलेला होता आणि आत कुणी नव्हतं. मी म्हटलं, अहो, कुणी नाहीये. तर ते म्हणाले, हळू बोल. गाडी गेली. मी रस्त्यावर पुढे चालत गेले, की दुसरी कुठली मिळेल. पावणेदोन तासांनी दुधाच्या ट्रकने घेतलं. आता बरा आहे पोरगा. रांगायला लागलाय. पण सासू म्हणते, तू गेलेल्या माणसाच्या जागेला हात लावलास, पोरावर सावली नको पडायला. त्यांच्या घरी जाऊन माफी माग."

आणि तिने पोळ्या पुढे सरकवल्या.

कालिपाने पोळ्यांना हात लावला नाही. ती मीर्गुलकडे बघत होती, पण बघत नव्हती.

"गाडी निघाली तेव्हा तू हात वर केला होतास?" तिने विचारलं.

"केला होता ना, एजे. दोन्ही हात कसे करणार, बाळ होतं. एक केला."

मग कालिपा उठली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, सासूला सांग. ते कधीच कुणावर रागावले नाहीत. तिने पोळ्या ठेवून घेतल्या आणि बदल्यात बाळासाठी विणलेले मोजे दिले. पोरगी हलकी होऊन गेली. जाताना दारात उंबऱ्यापाशी वळून, आत तिसरा कुणी बसलेला असावा तसं तिने वाकून नमस्कार केला. मी कोपऱ्यात ओव्हनपाशी होतो. तो नमस्कार मला नव्हता.

कालिपाने दार लावून घेतलं.

"सुट्टेभावजी," ती म्हणाली, "आयुष्यात ह्यांनी रस्त्यावर कुणाला ठेवलं नाही. मी ठेवलं. तान्ह्या पोरासकट. ह्यांच्या नावावर."

मी म्हटलं, तू कुठे काय केलंस, त्या नुर्दिनला अक्कल नको? ती म्हणाली, त्याने अक्कल वापरली म्हणूनच झालं. आणि तिने टॅब्लेट पुढ्यात ओढला.

"लक्ष द्या," ती म्हणाली. आवाज रोजचा नव्हता. तिने सांगितलं, टॅक्सीच्या ॲपमधून ते पहिलं गिऱ्हाईक काढ. यंत्र म्हणालं, ही नोंद एकच आहे, नऊ ॲपं तिच्यावरून चालतात, काढली तर सगळीकडून जाईल. ती म्हणाली, मग सगळीकडून काढ. यंत्र म्हणालं, ह्या गिऱ्हाइकाला नकार द्यायचा नाही असं तुम्हीच सांगून ठेवलं आहे. ते मोडायचं असेल तर खात्री पटवण्यासाठी गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव सांगा.

तिने लायसन्स दाखवलं. यंत्र म्हणालं, फोटो चालणार नाही. नाव उच्चारा किंवा लिहा.

कालिपाने ओठ उघडले. मी तिला सव्वीस वर्षं माइकसमोर पाहिलं आहे, पण शब्द बाहेर येत नाही असं कधी पाहिलं नव्हतं. आला तो अर्धा श्वास. यंत्र वाट बघत राहिलं. मग म्हणालं, मला ऐकू आलं नाही.

"जेंगे, मी सांगतो," मी म्हटलं. "दोन शब्दांचं तर काम आहे."

"नको," ती म्हणाली. "एकदा तुम्ही सांगितलंत."

तो मंगळवार होता. बुधवारी मी गेलो तर टॅब्लेट पालथा ठेवलेला. गुरुवारी सगळ्या गल्लीत तेलाचा वास होता, आणि तिच्या घरातून सर्वांत जास्त. ओक्तामने सात नान लावले. शुक्रवारी ती घराबाहेर पडली नाही. मी दोनदा दार वाजवलं. आतून तिचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी बोलत होती, आणि मधे मधे थांबत होती, समोरचा काही म्हणतोय आणि ऐकून घ्यायचंय तशी. मी तिसऱ्यांदा वाजवलं नाही. जिन्यावरून खाली येताना मी पाय न वाजवता उतरलो, आणि तसा का उतरलो ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी सव्वानऊला तीच माझ्या दारात. अंगात स्टँडचा जुना निळा कोट, बटणं घासलेली.

"चला, सुट्टेभावजी. गाडीची वेळ झाली."

टॅक्सीचा तळ जुन्या स्टँडच्या मागे आहे. जिथे आता ड्रायव्हर सूर्यफुलाच्या बिया थुंकत उभे राहतात तो आमचा फलाट तीन. बर्फ पडून थांबलेलं होतं. नुर्दिनच्या गाडीत मागे पाच जण कोंबलेले, पुढची सीट रिकामी, पट्टा लावलेला. खाली सफरचंदांची पेटी घेऊन एक म्हातारा उभा होता आणि विनवत होता. नुर्दिन मान हलवत होता.

कालिपा गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली. टॅब्लेट तिने माइकसारखा तोंडापाशी धरला. नऊ सदतीस, अडतीस. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. सवयच ती. मग तिने घसा साफ केला.

"लक्ष द्या, लक्ष द्या."

बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल. बिया चघळणारी तोंडं थांबली. कुणीतरी आपसूक पिशवी उचलली.

"कराकोलहून बिश्केकला जाणारी गाडी क्रमांक चारशे अठरा."

अर्धा श्वास. सव्वीस वर्षं ह्या जागी लोक हसायचे. आता कुणी हसलं नाही. बर्फाचा एक लगदा तारेवरून पडला, तो ऐकू आला.

"चालक ओमुरझाक अशिरालीएव. फलाट तीनवरून सुटत आहे."

यंत्राला एकदा पुरेसं होतं. त्याने तेव्हाच सांगितलं, नोंद सर्व ठिकाणांहून काढली आहे. ती थांबली नाही. नियम तीनदाचा होता. दुसऱ्यांदा म्हणताना ड्रायव्हरांनी टोप्या काढल्या. तिसऱ्यांदा तिचा आवाज अगदी जुना, स्टँडवरचा होता, आणि मी शपथेवर सांगतो, पूर्वी माझ्या खिडकीतून यायचा तसाच इंजिन सुरू झाल्याचा आवाज मला आला. नुर्दिन तेव्हा अजून गाडीबाहेर उभा होता.

मग तिने टॅब्लेट खाली घेतला आणि माझ्याकडे वळली.

"बरोबर म्हटलं ना मी?" तिने हळूच विचारलं. "नाव. कधी म्हटलं नव्हतं. मधलं अक्षर लांबवायचं, का तोडायचं?"

"तोही असंच म्हणायचा," मी म्हटलं.

नुर्दिन गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. त्याने दार उघडलं आणि पट्ट्याच्या खटक्यावर हात ठेवून जरा थांबला, उतरणाऱ्याला वेळ द्यावा तसा. मग खटका दाबला. म्हातारा सफरचंदांची पेटी मांडीवर घेऊन बसला. गाडी मागे आली, वळली, पॉप्लरच्या झाडांखालून मोठ्या रस्त्याला लागली. कालिपा टाचा उंचावून बघत राहिली, गाडी ठिपक्याएवढी होईपर्यंत, आणि ठिपका गेल्यावरही.

"अशी जाते होय," ती म्हणाली.